पुण्याहून जळगावला बदली झाली. नवऱ्याला खेळ बघायचे असतात, मला जुन्या वास्तू. खान्देशात दोघांचा रविवार जमेल का?

जमेल की. आमच्याकडे तुमच्या बरोबर उलटं आहे. कुस्ती-कबड्डीचं वेड मला, आणि रस्त्याकडेला पडका बुरूज दिसला की नवऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर. माझं माहेर चाळीसगाव तालुक्यातलं, सासर अमळनेरचं, त्यामुळे मधला सगळा पट्टा आम्ही पालथा घातलाय.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात सकाळी एखादा वाडा आणि संध्याकाळी गहुंजेला मॅच असं जमायचं, इथे मात्र 'काहीच नाही'. गहुंजेसारखं स्टेडियम इथे नाही, हे खरंच. पण इथले खेळ तिकिटावर नसतात, तिथीवर असतात. गावच्या देवाची यात्रा असली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल ठरलेलीच. म्हणून आमचा नियम सोपा आहे: आधी खेळाची तारीख धरायची, मग त्याच वाटेवरचं जुनं ठिकाण शोधायचं. किल्ला कुठे पळून जात नाही. दंगल एका दुपारीच संपते.

मॅटवरची कुस्ती टीव्हीवर बघितली असेल तर मातीतली आधी जरा संथ वाटेल. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत नाहीतर नदीच्या पात्रात माती भुसभुशीत करून आखाडा केलेला असतो. सुरुवात बारक्या पोरांपासून. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, दंड-मांड्या चाचपतात, आणि जोड पटली की दोघांचे हात वर धरून सगळ्या आखाड्याला एक फेरी मारून दाखवतात. वजनकाटा नाही, पंचाची नजर हाच काटा. एखादी जोड लोकांना पटली नाही तर गर्दीतूनच आरडाओरडा होतो आणि पोरगं बदलावं लागतं. या पोरांना नारळ, नाहीतर हातावर थोडे पैसे. पुढे इनाम चढत जातं. आमच्याकडे अजून बऱ्याच गावांत स्टीलची भांडी ठेवतात, आणि जिंकलेला पैलवान डोक्यावर पातेलं घेऊन मिरवतो तेव्हा फार छान दिसतो.

दोन्ही खांदे मातीला टेकले की चितपट. पॉइंटची भानगड नाही. मोठी कुस्ती लांबली आणि निकाल लागेना, तर पंच बरोबरीत सोडवतात आणि अर्धी गर्दी 'नुरा झाली, नुरा झाली' म्हणून ओरडते. नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली. खरी की नुरा हे ओळखायचं तर पायांकडे बघा. खरी लढत असेल तर मागच्या पायाचा अंगठा मातीत रुतलेला असतो. नुसतेच हात चालताहेत आणि पाय मोकळे आहेत, तर समजून जा.

बायकांची गर्दी अजूनही कमीच असते. मी गेले की कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून देतं आणि विचारतं, "ताई, कोणत्या पैलवानाकडून?" आता काही ठिकाणी मुलींच्याही कुस्त्या लावतात, तेव्हा हा प्रश्न ऐकू येत नाही. पांढरे कपडे मात्र घालून जाऊ नका. पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, ती वाऱ्याने पहिल्या रांगेवर येते.

चाळीसगावपासून सुरुवात करा असं मी सांगेन. माहेर आहे म्हणून पक्षपात, पण निव्वळ तेवढंच नाही. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकणारे विजय चौधरी याच तालुक्यातल्या सायगाव बगळीचे. त्यामुळे इथल्या पोरांना कुस्तीचं वेगळंच वारं आहे. तुमच्यासाठी याच तालुक्यात पाटणादेवी आहे. गौताळा अभयारण्याच्या डोंगराखाली चंडिकेचं जुनं देऊळ, आणि त्याच परिसरात सापडलेला पाटणचा शिलालेख. 'सिद्धांतशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवांच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा काळ शके ११२८, म्हणजे साधारण १२०६-०७. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. लेख मुख्यतः संस्कृतात, पण शेवटी जुन्या मराठीतल्या ओळी आहेत, आणि त्यांत विषय एकदम व्यवहाराचा: बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं. गणिताची शाळा बाजाराच्या पैशावर चालायची, हे वाचल्यापासून आमचा नवरा, जो स्वतः गणित शिकवतो, पाटणला गेला की हलतच नाही. जंगलाचा भाग आहे, तेव्हा सकाळी पाटण आणि दुपारी दंगल असाच क्रम ठेवा. परतीच्या गाडीला वेळ असेल तर चाळीसगाव स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय केलंय. आयुष्याची कितीतरी वर्षं घराबाहेर फारसं न पडता त्या माणसाने तिथेच टेबलावर देखावे मांडून फोटो काढले.

धुळ्याला जायचं तर हिवाळ्यात जा. रात्रीच्या कबड्डी स्पर्धा आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटचे 'चषक' तेव्हाच असतात. त्या क्रिकेटबद्दल माझं मत फार चांगलं नाही, पण कॉमेंट्री ऐकण्यासारखी असते. मराठीत सुरू होते आणि सिक्स बसला की अहिराणीत शिरते. कबड्डी मात्र जरूर बघा, आणि जमलं तर मॅटवरची नाही, मातीवरची. चढाई ३० सेकंदांचीच असते, तरी समोरच्या संघाच्या अंगणातल्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकून परतणारा पोरगा इतक्या जवळून बघताना तेवढाही वेळ लांब वाटतो.

धुळ्यात दिवसभर तुमचं राज्य. राजवाडे संशोधन मंडळ आधी बघा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन इथेच, ३१ डिसेंबर १९२६ ला झालं, आणि त्यांनी जमवलेली कागदपत्रं जपण्यासाठी पुढे हे मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकी रामायण आहे. सुट्टीच्या दिवशी दोन्ही उघडी आहेत का, हे आधी फोन करून विचारा. रविवारी तिथवर जाऊन दार बंद मिळालं तर नवरा वर्षभर ऐकवेल. बाहेर पडल्यावर जुन्या शहरातून नुसतं चाला. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास सरळ रेषेत आखलेली पेठ आहे, म्हणून गल्ल्यांना नावं नसून नंबर आहेत. शहराबाहेर आग्रा रोडवर लळिंगचा किल्ला, खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या काळातला. चढ छोटा पण छातीवर येणारा. पायथ्याच्या जंगलात लांडोर बंगला आहे. १९३७ साली डॉ. आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले होते तेव्हा तिथे उतरले होते, आणि दर ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी होते. तो दिवस साधलात तर किल्ल्याकडचा रस्ता विसरा.

पारोळा जळगाव-धुळे रस्त्यावरच आहे, तासाभराचं काम. १७२७ साली हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला भुईकोट, भोवती खंदक. आत झाडोरा फार, म्हणून पावसाळ्यात बूट घालूनच जा. तिथून अमळनेर जवळ आहे, पण आमच्या गावाबद्दल मी कमीच बोलते, नाहीतर उत्तर संपणार नाही. साने गुरुजी जिथे शिकवायचे ती शाळा आणि १९१६ चं तत्त्वज्ञान मंदिर बघा. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा रथ निघतो. ऊन मात्र डोक्यात जाईल असं.

घोडे आवडत असतील तर नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला पर्याय नाही. दत्तजयंतीला तापीकाठी यात्रा भरते आणि देशभरातून घोडे विकायला येतात. शर्यती आणि नाचाच्या स्पर्धा असतात, पण माझ्या मते खरा खेळ बाजारातच. गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात बघतं, मग कपाळावरची भोवरी, मग म्हणतं, "चालवून दाखवा." मालक घोडं रेवाल चालीत, म्हणजे झपाझप पण धक्का न देणाऱ्या चालीत काढतो, तेव्हा वर बसलेल्या माणसाची टोपीसुद्धा हलत नाही. तुम्हाला तिथून प्रकाशा जवळ पडेल: तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं मंदिर, आणि १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून ताम्रपाषाण काळापर्यंत नेलेली जुनी वस्ती. यात्रेत गाडी लांब लावावी लागते, तेवढी तयारी ठेवा.

एखाद्या रविवारी नवऱ्याचा खेळ नसेलच, तर भुसावळहून रेल्वेने बुऱ्हाणपूर करा. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकींच्या खान्देशाची राजधानी तीच. मुमताज महल १६३१ मध्ये वारली ती तिथेच. शाही किल्ल्यातला हमाम आणि जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख चुकवू नका.

भांडण टाळण्यासाठी आम्ही एक ठरवून ठेवलंय: ज्याच्या आवडीचं ठिकाण, त्याने दुसऱ्याच्या खाण्याचं बघायचं. माझ्या दंगलीच्या दिवशी नवऱ्याला शेवभाजी मी खाऊ घालते, त्याच्या किल्ल्याच्या दिवशी थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी शोधणं त्याच्याकडे. चैत्र-वैशाखात मात्र दुपारी बारा ते चार कुठल्याही तटावर चढू नका. जळगाव-भुसावळचं ऊन पुण्याच्या उन्हासारखं नाही, हे पहिल्याच एप्रिलमध्ये कळेल.

आता तारखा कशा कळणार? इंटरनेटवर फारशा मिळत नाहीत. एसटी स्टँडवरची पोस्टरं बघा, स्थानिक पेपरचं तालुक्याचं पान वाचा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे जवळच्या तालमीत जाऊन वस्तादांना नंबर देऊन या. ते स्वतःहून फोन करतात, आणि पुष्कळदा जेवायलाही थांबवून घेतात.