पारितोषिक टीमचं, मग माझं काय?

प्रश्न : मी संज्ञापन विद्या विभागात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या माहितीपटाला विद्यार्थी स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. मी फक्त आवाज रेकॉर्ड केला होता. इंटर्नशिपच्या मुलाखतीत हे माझं यश म्हणून सांगू का?

उत्तर : आधी तो ‘फक्त’ खोडून टाक. मी बरीच वर्षं ध्वनिमुद्रण शिकवते आहे. चित्र थोडं हललं तरी प्रेक्षक चालवून घेतो, पण आवाज फाटला की उठून जातो. आणि फाटलेला आवाज संकलनात धड शिवता येत नाही.

पारितोषिक टीमचं, आवाज माझा, असं स्वच्छ सांग आणि लगेच कामावर ये. रेकॉर्डिंगची लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, कुठे ठेवलीस? मीटरवर शून्याच्या वर आवाज फाटतो; बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवलं, की समोरचा अचानक मोठ्यानं हसला तरी जागा उरते. कॉलर माइक कपड्याला घासला तेव्हा काय केलंस? माहितीपटासाठीची मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड केलीस का? माझ्या एका विद्यार्थ्याची ती राहून गेली. दोन वाक्यं जोडताना मधे भरायला ती शांतताच नव्हती, त्यामुळे पंख्याची घरघर तुटायची, कानाला खड्डा लागल्यासारखं व्हायचं. बिचारा परत त्या खोलीत जाऊन ती घेऊन आला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्यानं हीच चूक सांगितली, आणि उरलेला वेळ त्यावरच बोलणं झालं.

तुझ्या कच्च्या फाइली मात्र डिलीट करू नकोस. मुलाखतीला जाताना त्या आणि चांगला हेडफोन सोबत ने.