इष्टुर फाकड्यातलं ‘इष्टुर’ आलं कुठून?

प्रश्न असा होता की ‘इष्टुर फाकडा’ यातलं इष्टुर हे त्या साहेबाचं नाव की आडनाव, त्याचा स्कॉटलंड-इंग्लंडच्या स्टुअर्ट राजघराण्याशी काही संबंध लागतो का, आणि स्टुअर्टचं स्पेलिंग कधी असं कधी तसं का दिसतं. तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत म्हणून एकदमच लिहितो, थोडं लांबेल पण आडनावच इतकं फिरलेलं आहे की दोन ओळीत मावणार नाही.

आधी आपल्या घरचं. इष्टुर म्हणजे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट, मुंबईकर इंग्रजांच्या फौजेतला अधिकारी. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं म्हणून १७७८ च्या अखेरीला इंग्रज फौज बोरघाट चढून वर आली तेव्हा आघाडीला हा होता, आणि जानेवारी १७७९ मधे कार्ल्याजवळ मराठ्यांच्या माऱ्यात पडला. पुढे काही दिवसांतच वडगावला इंग्रजांना तह करावा लागला ते सगळ्यांना माहीत आहेच. पण शत्रूकडचा माणूस असूनही त्याची हिंमत मराठ्यांच्या डोळ्यात भरली आणि त्याला ‘फाकडा’ म्हणायला लागले, जी पदवी आपल्याकडे मानाजी शिंद्यांसारख्या लढवय्यांना लागायची. पेशवाईतल्या साडेतीन फाकड्यांमधला अर्धा तो हाच. वडगाव मावळला त्याची समाधी आहे.

म्हणजे इष्टुर हे आडनाव. आता स्टुअर्टचं इष्टुर कसं झालं ते बघा, यात गंमत म्हणून कोणी तोडमोड केलेली नाहीये, मराठी तोंडाचे नेहमीचेच नियम लागलेत. शब्दाच्या सुरवातीला स ला जोडून दुसरं व्यंजन आलं की आपण पुढे एक ‘इ’ लावून घेतो, स्कूलचं इस्कूल, स्क्रूचा इस्क्रू. मग ‘ट’ च्या शेजारी बसलेला ‘स’ हा ‘ष’ होतो, मास्टरचा माष्टर, पोस्टचं पोष्ट, रजिस्टरचं रजिष्टर. राहिला शेवटचा ‘र्ट’, तो जोड पेलायला जड म्हणून एक अक्षर गळतं. रिपोर्टचा रपोट करताना आपण ‘र’ खाल्ला, इथे ‘ट’ खाल्ला इतकंच. तेव्हा ‘इष्ट’ या शब्दाशी इष्टुरचा काहीही संबंध नाही, कानाला तसा भास होतो खरा.

आता मूळ आडनावाकडे जाऊ, माझ्या मते खरी मजा इथे आहे. स्टुअर्ट हे मुळात कोणा गावाचं नाव नाही की कुळाच्या मूळपुरुषाचं नाव नाही, ते कामाचं नाव आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्टिगवेअर्ड’ असा शब्द होता, ‘स्टिग’ म्हणजे घर किंवा वाड्यातलं दालन आणि ‘वेअर्ड’ म्हणजे राखणारा, सांभाळणारा. मोठ्या माणसाच्या वाड्याचा कारभार बघणारा तो स्टिगवेअर्ड. त्याचंच पुढे ‘स्टुअर्ड’ झालं, तोच शब्द आज आपल्याला बोटीवर आणि विमानात भेटतो, आणि स्कॉटलंडात शेवटच्या ‘ड’ चा ‘ट’ होऊन ‘स्टुअर्ट’. हाच ‘वेअर्ड’ इंग्रजीतल्या ‘लॉर्ड’ मधेही लपलाय बरं का, तो मूळचा ‘लाफ-वेअर्ड’ म्हणजे भाकरी राखणारा, झिजून झिजून लॉर्ड झाला. स्टुअर्ट म्हणजे डुकरांचा खुराडा सांभाळणारा अशी एक कथा नेहमी फिरत असते कारण इंग्रजीत डुकरांच्या खुराड्याला ‘स्टाय’ म्हणतात, पण ती सोडून द्या, जुन्या लेखनात हा शब्द वाड्याच्या कारभाऱ्यासाठीच येतो, डुकरं राखणाऱ्यासाठी नाही.

आता हे आडनाव ज्या घराण्यामुळे गाजलं ते घराणं मुळात ना इंग्रज ना स्कॉटिश. ते ब्रिटनीचं, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या वायव्य टोकाचं. तिथे डोल नावाचं गाव आहे, तिथल्या बिशपच्या पदरी हे लोक वंशपरंपरेने कारभारी होते, लॅटिन कागदांत त्यांना ‘डापिफेर’ म्हटलंय म्हणजे शब्दशः पंगतीत ताट आणणारा, अर्थात प्रत्यक्षात हा मानाचा हुद्दा. इंग्लंडचा पहिला हेन्री ११०० मधे गादीवर आला आणि त्याच्या आश्रयाने या घरातला ॲलन फिट्झ फ्लाड इंग्लंडला आला, वेल्सच्या सीमेजवळ श्रॉपशायरमधे ऑस्वेस्ट्रीच्या बाजूला त्याला जमिनी मिळाल्या. ‘फिट्झ’ म्हणजे फ्रेंच ‘फिस’, मुलगा. फ्लाडचा मुलगा ॲलन. म्हणजे तोवर आडनाव असं नव्हतंच, दर पिढीला बापाचं नाव पुढे लागायचं.

ॲलनचे मुलगे तीन दिशांना गेले. एकाने ब्रिटनीतलं सांभाळलं, दुसरा विल्यम श्रॉपशायरमधे राहिला आणि त्याचे वंशज पुढे फिट्झॲलन या नावानेच अरुंडेलचे अर्ल झाले, आणि तिसरा वॉल्टर ११३६ च्या सुमारास उत्तरेला स्कॉटलंडात पहिल्या डेव्हिड राजाकडे गेला. डेव्हिड स्वतः इंग्लंडच्या दरबारात वाढलेला, त्याने असे बरेच फ्रेंच बोलणारे सरदार बोलावून घेतले होते. त्याने वॉल्टरला आपला स्टुअर्ड केलं, ग्लासगोजवळ रेनफ्रू आणि पेझलीचा मुलूख दिला आणि पुढच्या राजाने ते पद वंशपरंपरागत करून दिलं. वॉल्टर कुठून आला याचा पुरावा पेझलीत सापडतो. ११६३ मधे त्याने तिथे मठ काढला तेव्हा साधू आणले ते श्रॉपशायरमधल्या वेनलॉकहून, म्हणजे आपल्या जुन्या मुलखातून. (हेच ते पेझली जिथल्या शालींमुळे आपल्या कोयरीच्या नक्षीला जगभर पेझली म्हणतात.)

त्याचा मुलगा ॲलन फिट्झ वॉल्टर, आणि नातू वॉल्टर, जो १२४६ मधे वारला, त्याच्यापासून ‘स्टुअर्ट’ हे पदनाम आडनावासारखं लागायला लागलं. आता मला सांगा, हे आपल्याला समजवायची गरज आहे का? श्रीवर्धनचे भट पेशवे झाले आणि पद वंशपरंपरेने चालल्यावर पेशवे हेच त्यांचं आडनाव झालं. वेळासचे भानू फडणीस झाले. म्हणूनच मला १७७९ चा तो प्रसंग फार विलक्षण वाटतो, घाटात एका बाजूला स्टुअर्ट आणि पुण्यात सूत्रं हलवणारा नाना फडणीस, दोघांचीही आडनावं म्हणजे कोणे एके काळच्या नोकऱ्या!

राजघराणं कसं झालं ते थोडक्यात. या घराण्यातला सहावा कारभारी, त्याचंही नाव वॉल्टर, याने १३१५ मधे रॉबर्ट ब्रूस राजाची मुलगी मार्जरी हिच्याशी लग्न केलं, त्यांचा मुलगा रॉबर्ट. ब्रूसचा मुलगा दुसरा डेव्हिड १३७१ मधे निपुत्रिक गेला तेव्हा हा भाचा पंचावन्नाच्या घरात असताना दुसरा रॉबर्ट म्हणून राजा झाला आणि कारभाऱ्याचं आडनाव राजाचं झालं. पद मात्र संपलं नाही, ‘स्कॉटलंडचा प्रिन्स आणि ग्रेट स्टुअर्ड’ हा किताब आजही गादीच्या वारसाकडे असतो, सध्या तो विल्यमकडे आहे.

राजे झाल्यावर मोठी वंशावळ हवी हे ओघाने आलंच. १५२७ मधे हेक्टर बोईस या इतिहासकाराने छापलं की हे घराणं बँको नावाच्या जुन्या स्कॉटिश सरदाराचं. हा बँको म्हणजे तोच जो शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ मधे येतो, आणि त्याच्या वंशजांची रांग तिथे दाखवलीय ती तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असलेल्या पहिल्या जेम्ससाठी, तो स्टुअर्टच. बँको काल्पनिक आहे. ब्रिटनीचं मूळ पक्कं मांडलं ते होरेस राउंड या वंशावळ-अभ्यासकाने १९०१ मधे, मठांचे आणि जमिनींचे जुने कागद एकमेकांशी लावून. मला हे काम खूप महत्त्वाचं वाटतं कारण पावणेचारशे वर्षं लोक थाटाची गोष्ट खरी मानत होते आणि साध्या साक्षीदारांच्या नावांच्या याद्यांनी ती खोडली.

आता स्पेलिंग. जुन्या स्कॉटिश लेखनात मधे डब्ल्यू असलेलं रूप जास्त. स्कॉटलंडची मेरी राणी १५४८ मधे पाच वर्षांची असताना फ्रान्सला गेली ती १५६१ ला परत आली, तिचं सगळं शिक्षण फ्रेंचमधे, आणि फ्रेंच लिपीत तेव्हा डब्ल्यू चालायचं नाही, म्हणून मधे यू घालून ‘स्टुअर्ट’ लिहायची पद्धत तिच्याबरोबर आली. पण फक्त तिच्यामुळे नाही हं, त्याच्या कितीतरी आधीपासून स्टुअर्ट फ्रान्समधे होतेच. शंभर वर्षांच्या युद्धात फ्रेंचांच्या मदतीला स्कॉटिश फौज गेली होती, तिच्यातल्या डार्नलीच्या जॉन स्टुअर्टला फ्रान्सच्या राजाने १४२३ मधे ओबिनी ही जहागीर दिली आणि त्याचे वंशज तिथेच रुजले, ते गाव आजही स्वतःला स्टुअर्टांचं गाव म्हणवतं. मेरीने १५६५ मधे ज्याच्याशी लग्न केलं तो लॉर्ड डार्नली याच शाखेतला, म्हणजे नवरा बायको दोघंही स्टुअर्ट आणि त्यांचा मुलगा जेम्स दोन्हीकडून स्टुअर्ट. तोच १६०३ मधे इंग्लंडचाही राजा झाला, त्यामुळे इंग्लंडच्या इतिहासात यूवालं स्पेलिंग पक्कं बसलं. राजे यूवाले आणि बाकीचे डब्ल्यूवाले असा नियम लोक सांगतात तो मात्र धरून चालू नका, ब्यूटचे मार्क्विस यू लिहितात, आणि एकाच घरात दोन्ही रूपं सापडतात. तिसरं ‘स्टेउअर्ट’ असं इ आणि यू दोन्ही असलेलंही आहे. उच्चार सगळ्यांचा एकच.

राजाशी नातं आहे का, या प्रश्नाला स्कॉटलंडात जुनी म्हणच आहे की सगळेच स्टुअर्ट काही राजाचे सोयरे नव्हेत. दोन कारणं. एक तर कारभारी फक्त राजाकडेच नसायचा, प्रत्येक बिशपकडे, प्रत्येक मोठ्या जहागिरीत एकेक स्टुअर्ड असायचा, त्यातल्या कोणाच्याही मुलांना हे आडनाव लागू शकायचं. दुसरं म्हणजे जमिनीवरची कुळं आणि आश्रयाला आलेली माणसं मालकाचं आडनाव लावायची. आणि याच्या उलट, राजाशी खरंच नातं असलेलेही पुष्कळ, कारण दुसऱ्या रॉबर्टला औरस अनौरस मिळून वीसाच्या वर मुलं होती. हल्ली डीएनए तपासणीत बापाकडून मुलाकडे जाणारी एल७४५ नावाची खूण या जुन्या घराण्याच्या पुरुषवंशात सापडते, तीवरून वेगळे काढता येतं. नुसत्या आडनावावरून नाही. त्यामुळे आपल्या इष्टुरबद्दलही आडनाव तेच म्हणून तो राजवंशी, असं म्हणता येत नाही.

शिवाय जेम्स स्टुअर्ट हे तर अगदी पोत्याने मिळणारं नाव! एक उदाहरण देतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲपिनचे स्टुअर्ट म्हणून एक शाखा होती, १७४६ ला कलोडनच्या लढाईत ते पदच्युत स्टुअर्ट घराण्यातल्या राजपुत्राच्या बाजूने लढले आणि हरले. जमिनी सरकारजमा झाल्या, वसुलीला कॅम्पबेल घराण्यातला माणूस नेमला, १७५२ मधे त्याला रानात कोणीतरी गोळी घातली आणि फाशी गेला तो जेम्स स्टुअर्ट. त्याच्या खटल्यात पंचांपैकी अकरा जण कॅम्पबेल होते आणि न्यायासनावर कॅम्पबेलांचा प्रमुखच. आजही तिकडचे लोक हा निर्दोष माणूस मारला असंच सांगतात, आणि वाचल्यावर मलाही दुसरं काही वाटत नाही.

पुढचं स्थलांतर साधारण माहितीतलं आहे. १६०९-१० पासून उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरमधे स्कॉटिश लोक वसवले गेले, लॉर्ड ऑखिलट्री अँड्र्यू स्टुअर्टला टिरोन परगण्यात जमीन मिळाली आणि तिथे स्टुअर्टस्टाऊन हे गाव उभं राहिलं. अठराव्या शतकात याच अल्स्टरमधून लोक अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, कॅरोलायना भागात गेले, म्हणून अमेरिकेतले बरेच स्टुअर्ट स्वतःला आयरिश म्हणतात, आणि ते चूक नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचं स्टुअर्ट बेट हे १८०९ मधे ‘पेगसस’ जहाजावरून त्याचा नकाशा काढणाऱ्या विल्यम स्टुअर्टच्या नावाचं, माओरी लोकांचं त्याचं नाव राकिउरा. आणि कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून स्कॉटिश घरांतली धाकटी मुलं भारतात खूप आली.

मराठीत लिहायचं झालं तर दोन्ही स्पेलिंगांना सरळ ‘स्टुअर्ट’ लिहा, फरक सांगायचा असेल तिथे डब्ल्यूवाला की यूवाला ते शब्दात सांगा, स्ट्युअर्ट आणि स्टुवर्ट अशी वेगळी रूपं करून काही साधत नाही. वडगावच्या लढाईबद्दल लिहिताना मात्र इष्टुरच लिहावं असं मला वाटतं, ते आपल्या लोकांनी दिलेलं रूप आहे. आणि कोणी कंपनीच्या जुन्या कागदांत त्याला शोधणार असेल तर डब्ल्यू, यू, इ-यू आणि शेवटी ‘ड’ असलेलं, अशी चारही रूपं टाकून बघा, तेव्हाचे कारकून ऐकू येईल तसं लिहायचे.