पेट्रोलच्या रिकाम्या टाकीत उतरण्यापूर्वी झाकणाजवळ गॅस अ‍ॅनलायझरने शून्य दाखवले, तर ते पुरेसे आहे का?

नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जवळपास तीन ते चार पट जड असल्यामुळे ती तळाशी साचते. म्हणून बाहेर उभे राहूनच नमुन्याची नळी आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी स्वतंत्र मोजमाप घ्यावे, आणि नळी जितकी लांब तितके प्रत्येक पातळीवर अधिक थांबावे, कारण तिथली हवा सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

ऑक्सिजनचा आकडा आधी पाहावा; तो 19.5 ते 23.5 टक्क्यांच्या दरम्यान असावा. उत्प्रेरक सेन्सर वाफ जाळूनच तिचे प्रमाण मोजत असल्याने ऑक्सिजन अपुरा असेल, तर वाफ भरपूर असूनही तो कमी आकडा दाखवतो. याहून फसवा प्रकार म्हणजे स्फोटाच्या वरच्या मर्यादेपलीकडची (जिच्यापुढे वाफ हवेच्या मानाने इतकी दाट होते की पेटत नाही), म्हणजे पेट्रोलच्या बाबतीत साधारण 7.6 टक्क्यांहून दाट वाफ: आकडा झरकन वर जातो, पुन्हा खाली येतो आणि घाईतल्या माणसाला तेवढा खालचाच दिसतो.

पडद्यावरचे 10 टक्के म्हणजे हवेतील वाफेचे प्रमाण नव्हे, तर स्फोटाच्या खालच्या मर्यादेचा, म्हणजे वाफ पेटू शकेल अशा किमान प्रमाणाचा, दहावा भाग. सर्वसाधारणपणे तेवढ्यावरच प्रवेश थांबवतात.

उपकरण त्याच दिवशी ज्ञात प्रमाणाच्या वायूवर तपासलेले असावे, हे वेगळे सांगायला नको. आत गाळ असल्यास तो ढवळताच वाफ पुन्हा सुटते, त्यामुळे काम संपेपर्यंत मोजमाप चालूच ठेवावे.