हिमालयन ४५० ला २५-३० लिटरची टाकी बसवून घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गाडी रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५०, घर म्हापशाला, पुढच्या सीझनला मनालीकडून लेह करायचं, मग पैसे जमले तर कधीतरी ऑस्ट्रेलिया, आणि कोणीतरी डोक्यात घातलंय की २५-३० लिटरची टाकी टाकल्याशिवाय असल्या ट्रिपला निघूच नये. मी फोंड्याचा, गाड्या फिरवायचा आणि दोस्तांच्या गाड्या खोलत बसायचा जुना नाद आहे, तर सरळच सांगतो. लेहसाठी नको. ऑस्ट्रेलियाला पण बहुतेक रस्त्यांवर नको, काही रस्ते मात्र असे आहेत की तिथे हवीच.

मुळात किती लिटर हा प्रश्नच नंतरचा. आधी बघायचं की तुमच्या रूटवर दोन पंपांमधलं सगळ्यात मोठं अंतर किती. ट्रिप तीन हजार किलोमीटरची असो नाहीतर पाच हजारची, टाकी त्या एका टप्प्यासाठी लागते, बाकी सगळीकडे तुम्ही चहाला थांबता तिथेच बाजूला पंप असतो. मनाली-लेहचा तो टप्पा सगळ्यांना तोंडपाठ आहे, मनालीच्या पुढे तांडीच्या पंपावरचा तो बोर्ड, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. खरं तर लेहच्या अलीकडे तीस-पस्तीस किलोमीटरवर कारूला पंप आहे, त्यामुळे प्रत्यक्षात ३३० च्या आसपासच होतं, पण ३६५ च धरून चला, बिघडत नाही.

आता तुमची गाडी. टाकी १७ लिटर, त्यातला तळाचा लिटरभर हिशोबात धरायचा नाही (का ते खाली येतंच), म्हणजे उरले १६. मायलेज किती धरायचं यावर लोक भांडतात, कोण ३२ सांगतो कोण २५, मी म्हणतो तुमच्या स्वतःच्या गाडीचं सामान लादून येणारं सगळ्यात वाईट मायलेज काढा आणि तेच धरा. समजा २५ आलं. १६ गुणिले २५, ४००. तांडी ते लेह झालं, वर थोडं उरलं पण. आणि गंमत म्हणजे मायलेजची वाट डोंगरात लागत नाही, तिथे आपण चाळीस-पन्नासनेच चाललेलो असतो. वाट लागते ती बेळगाव-पुणे हायवेवर, दोन्ही बाजूला सामानाचे डबे लावून ११०-१२० ने हाकलली की वारा कापण्यातच पेट्रोल जातं, स्पीड दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणजे गाडी जास्त पिते तिथे पंप भरपूर आणि पंप नसतात तिथे गाडी कमी पिते, हे लक्षात आलं की अर्धी भीती तिथेच जाते.

त्यात E-२० चा भाग धरा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालंच मिळतं, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे लिटरमागे ऊर्जा ६-७ टक्के कमी पडते. जुने ब्लॉग वाचून रेंज काढत असाल तर तेवढं वजा करा.

लेहला पोचल्यावर मात्र एक टप्पा खरंच लांब आहे. नुब्रा खोऱ्यात दिस्कितला पंप आहे, तिथून श्योकच्या रस्त्याने पँगाँग तलाव करून परत कारूला यायला तीनशे-साडेतीनशे होतात, ते पण जमतं. पण पँगाँगवरून पुढे चुशूल, हानले करून यायचं म्हटलं तर आकडा पाचशेच्या वर जातो. तिथे १७ लिटर कमी पडतात, मान्य. पण किती कमी? साडेपाचशेला २५ ने भागा, २२ लिटर. आपल्याकडे १६. म्हणजे सहा लिटर हवेत, आणि त्यासाठी तुम्ही ३० लिटरची टाकी वर्षभर मांडीत घेऊन फिरणार? पाच-पाच लिटरचे दोन धातूचे कॅन, दोन्ही बाजूंना एकेक, टाकीत जागा झाली की लगेच ओतून रिकामे करायचे, काम संपलं. पंपांची यादी मात्र निघायच्या आधी नव्याने बघा, लडाखमध्ये नवीन पंप होत असतात. कॅन धातूचाच घ्या, पाण्याचा प्लॅस्टिक कॅन नको. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं, पण भांडं घट्ट बुचाचं आणि धातूचं असायला हवं, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरच्या वर नाही. प्लॅस्टिकचं त्यात नावच नाही, त्यामुळे पंपवाल्याने कॅनला नाही म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नका.

वजनाचं कोणी बोलत नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ३० लिटर फुल्ल केली तर साडेबावीस किलो, तुमच्या १७ ला पावणेतेरा. फरक दहा किलोचा, वर मोठ्या टाकीचं स्वतःचं वजन वेगळं. १९६ किलोच्या गाडीला दहा किलो म्हणजे काय, असं वाटतं, पण ते दहा किलो बसतात कुठे ते बघा, सगळ्यात वर आणि हँडलच्या मागेच. हायवेवर कळत पण नाही. वाळूत, चिखलात, नाल्यातल्या गोट्यांवर पाच-दहाच्या स्पीडने जाताना गाडी एका बाजूला कलली की ते वर बसलेलं ओझं तिला अजून खाली खेचतं, आणि अर्धी टाकी असेल तर ब्रेक मारताना आतलं पेट्रोल पुढे धावतं ते वेगळंच. पुढचे शॉकॉप्सर जास्त दबतात, उभं राहून चालवताना गुडघे फाकतात.

यावर एक फुकटचा प्रयोग आहे. टँकबॅगमध्ये लिटरच्या दहा पाण्याच्या बाटल्या भरा, झाले बरोबर दहा किलो बरोबर त्या जागी, आणि सांगे-कुळेच्या बाजूला लाल मातीचे खराब रस्ते आहेत तिथे दिवसभर गाडी फिरवा, शक्यतो एक पाऊस पडून गेल्यावर. संध्याकाळी तुम्हालाच उत्तर मिळेल, मला विचारायची गरज राहणार नाही. सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, उंची कमी असेल तर उत्तर दुपारीच मिळेल.

आता समजा एवढं ऐकून पण बसवायचीच आहे, किंवा ऑस्ट्रेलियाचं खरंच ठरलंय. तिकडचा हिशोब पण तोच. बर्ड्सव्हिल ट्रॅक या वाळवंटातल्या कच्च्या रस्त्याचं नाव सगळे घेतात, मारी ते बर्ड्सव्हिल ५१७ किलोमीटर, पण मधे मुंगेरानीला पेट्रोल मिळतं, त्यामुळे सगळ्यात लांब टप्पा ३१३ चा, म्हणजे तांडी-लेहपेक्षा कमीच! सिम्पसन डेझर्ट आडवं ओलांडायचं असेल तर मात्र माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल मधे काहीच नाही, पाचशेच्या वर किलोमीटर आणि सगळे वाळूचे ढिगारे, तिथे मायलेज पार कोसळतं. मोठ्या टाक्या बनल्या त्या असल्या रस्त्यांसाठी. ऑस्ट्रेलियाची सफारी टँक्स किंवा इटलीची अ‍ॅसर्बिस, यांच्या प्लॅस्टिक टाक्या गाजल्या त्या सुझुकी DR-६५० सारख्या गाड्यांवर, जिची मूळ टाकी १३ लिटरची आणि सफारीची ३० ची. कंपन्या स्वतः पण दोन मॉडेल काढतात ती याचसाठी, बीएमडब्ल्यूच्या R-१३०० GS ला १९ लिटर आणि तिच्याच अ‍ॅडव्हेंचरला ३०. ती गाडी त्या टाकीसकट डिझाइन केलेली आहे, वजन कुठे येईल, रेडिएटरला हवा कशी मिळेल, सगळं बघून. आपण नंतर बसवतो तेव्हा ते सगळं आपल्या डोक्यावर येतं.

तुमची गाडी फ्युएल इंजेक्शनची, पंप टाकीच्या आत असतो आणि तो पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. म्हणून मघाशी म्हटलं तळाचा लिटर धरू नका, सतत कोरड्यावर चालवली तर पंप तापून मरतो. नवीन टाकीला तोच पंप, तीच प्लेट, तेच सील बसतंय का हे पहिलं विचारायचं. पेट्रोलचा काटा गंडणारच, कारण आत तरंगणारा फ्लोट जुन्या टाकीच्या आकाराला सेट केलेला, त्यामुळे ट्रिपमीटरवर भरवसा ठेवायची सवय लावून घ्या. दुसरं, मोठ्या टाक्या बहुतेक घोड्यावरच्या खोगिरासारख्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलेल्या असतात, आणि पंप एकाच बाजूला. दोन बाजू जोडणारा पाइप नसेल तर दुसऱ्या बाजूचं शेवटचं पेट्रोल तिथेच अडकतं, गाडी आडवी पाडून पलीकडे ओतावं लागतं. म्हणजे टाकी ३० ची, वापरायला मिळणार किती ते विकणाऱ्याला विचारा, तो आकडा वेगळा येतो. हँडल पूर्ण वळवून टाकीला लागतं का बघा. टाकीत हवा घेणारा ब्रीदर पाइप दुमडला तर टाकीत व्हॅक्यूम होऊन गाडी मधेच बंद पडते आणि लोक पंप बदलत बसतात. आणि बीएस-६ गाडीला टाकीची वाफ पकडायला चारकोलचा डबा असतो, त्याचा पाइप कुठे जोडणार याचं उत्तर दुकानदाराकडे नसेल तर तिथून निघा.

प्लॅस्टिक की लोखंडी, तर पडझडीला प्लॅस्टिक बरी, दणका खाऊन परत सरळ होते, गंज नाही. एक आहे, त्यातून पेट्रोलची वाफ अगदी हळूहळू झिरपत असते, त्यामुळे वर स्टिकर लावलात तर खाली फुगे येतात, तो माल खराब नाही, ती तशीच असते.

आणि आता खास गोव्याचं, कारण हा सल्ला इथे मिळतोच. कोणीतरी सांगेल की होड्या बनवणाऱ्याकडून फायबरची टाकी करून घे, तो कसली पण वस्तू बनवून देतो. होडी तो चांगलीच बनवतो हो, पण होडीच्या बाहेर पाणी असतं आणि टाकीच्या आत इथेनॉल. साधं पॉलिस्टर रेझिन इथेनॉलमध्ये मऊ पडतं, त्याचा चिकट गाळ सुटतो आणि जाऊन इंजेक्टरला बसतो. तसंच जुनी टाकी कापून वेल्डरकडून पोट वाढवून घेणं, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या पेट्रोलपेक्षा वाईट, एका ठिणगीत उडते. पैसे किती वाचतात हे मला नका सांगू.

पावसाचं पण बघा. इथे जूनपासून चार महिने हवा नुसती ओली, गाड्या कव्हर घालून उभ्या, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत जितकी हवा तितका ओलावा, म्हणून लोखंडी टाकी पावसाळ्यात फुल्ल करून ठेवायची. १७ लिटर फुल्ल करून ठेवणं वेगळं आणि ३० लिटर जुनं पेट्रोल सप्टेंबरात काढून टाकायची वेळ येणं वेगळं. आणि बाकीचं वर्ष तरी काय, म्हापशाहून पणजी, पणजीहून मडगाव, अख्खा गोवा उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर, एवढ्यात ३० लिटर कधी संपणार! एक जण मला म्हणाला गोव्यात पेट्रोल स्वस्त, बॉर्डर ओलांडायच्या आधी पत्रादेवीला फुल्ल केली की फायदा. पात्रांव, जास्तीच्या तेरा लिटरवर वाचून वाचून शंभरेक रुपये वाचतात, तेवढ्यात टाकीचं झाकण पण येणार नाही.

कायद्याचं थोडक्यात, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करू देत नाही. रस्त्यावर कोण बघतो म्हणाल तर बरोबर आहे, पण आग लागली आणि क्लेम टाकला की इन्शुरन्सवाला सगळं बघतो, आणि वॉरंटी असेल तर तिच्यावर पण पाणी.

तुमच्या जागी मी असतो तर मूळ टाकी ठेवली असती, दोन कॅन आणि ते लावायला मजबूत रॅक घेतला असता, उरलेले पैसे टायर आणि पुढच्या सस्पेन्शनवर घातले असते. ऑस्ट्रेलियाला तर इथून गाडी नेण्यापेक्षा तिकडेच मोठ्या टाकीची जुनी DR विकत घेऊन परत विकणं सोपं पडेल असं माझं मत आहे.

अजून एक, मनालीपर्यंत गाडी चालवत नेणार की रेल्वेने पाठवणार ते तुम्ही लिहिलेलं नाही. वास्कोहून निजामुद्दीनला जाणाऱ्या गोवा एक्सप्रेसने पार्सल करणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, थोडं पण पेट्रोल चालत नाही. कॅन पण रिकामे करून, झाकण उघडं ठेवून सुकवूनच सामानात टाका, आणि उतरल्यावर पहिल्या पंपापर्यंतचं लिटरभर पेट्रोल कुठून आणणार याची सोय दिल्लीतल्या कोणाला तरी आधीच सांगून ठेवा.