गणिताच्या तासाला सॉफ्टवेअर वापरल्याने खरंच फरक पडतो का?

तुमच्या शाळेत नववीच्या वर्गासाठी एक कॉम्प्युटर आणि एक प्रोजेक्टर आला आहे आणि तुम्ही विचारताय की गणितासाठी त्याचा खरंच उपयोग होईल, की तास नुसता वाया जाईल. उपयोग होतो, भूमितीत तर फारच. फक्त पडद्यावर काय दिसणार आहे, याचा अंदाज मुलांनी आधी बांधलेला हवा.

मी वर्गात जिओजेब्रा वापरतो; भूमितीच्या आकृत्या काढून त्या पडद्यावर ओढून बदलता येतात, असं हे गणिताचं सॉफ्टवेअर आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 च्या सुमारास साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना ते बनवायला घेतलं. शाळेत ते फुकट वापरता येतं आणि एकदा डाउनलोड केलं की इंटरनेट नसलं तरी चालतं.

समजा, परिकेंद्र शिकवायचं आहे. लघुकोन त्रिकोण काढून त्याच्या तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक काढायचे. ते आत एका बिंदूत मिळतात, तेच परिकेंद्र. आता विचारायचं, "हा बिंदू कधी त्रिकोणाच्या बाहेर जाईल का?" हात वर करायला लावायचे, वहीत उत्तर लिहायला लावायचं, आणि मगच एक शिरोबिंदू हळूहळू ओढायचा. परिकेंद्र एका बाजूकडे सरकत जातं. नेमकं तिच्यावर आलं की थांबायचं आणि समोरचा कोन किती आहे ते विचारायचं. तो 90 अंश असतो! "सर, मागे घ्या, पुन्हा दाखवा" असं मुलं म्हणायला लागली की पुढचं अर्धं काम तीच करतात. फळ्यावर याच गोष्टीसाठी तीन वेगळ्या आकृत्या काढाव्या लागतात आणि मुलांना त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

मुलांनाही माऊस हातात द्या. एखादी मुलगी अंदाजाने चार बिंदू ठेवून चौरस काढते. त्याचा कोपरा ओढला की चौरस मोडतो. मग तिला लंब आणि वर्तुळ वापरून तो रचावा लागतो, आणि चौरसाची व्याख्या तिथेच पक्की होते. अर्थात कंपास-पट्टीने वहीत रचना करणं मी कधीच बंद करणार नाही. हाताला ती सवय हवीच.

एक धोका मात्र आहे. "पडद्यावर दिसलं ना, मग सिद्धता कशाला?" असं मुलांना वाटू शकतं. अशा वेळी त्रिकोणाचे तिन्ही कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवा आणि बेरीज करायला सांगा. कधीतरी ती 180.01 येते. मोजमाप कुठे संपतं, हे त्यावरून छान बोलता येतं.

सरावाच्या ॲप्सबद्दल माझं मत इतकं चांगलं नाही. 1/2 + 1/3 = 2/5 असं लिहिलं की बरीचशी ॲप्स फक्त चूक दाखवतात. मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, हे वही बघितल्यावरच कळतं. अपूर्णांकांसाठी मी वहीच तपासतो.

पहिला तास घ्यायचा असेल तर कोणताही चौकोन काढा आणि लगतच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडा. आत समांतरभुज चौकोन तयार होतो. शिरोबिंदू कसेही ओढा, एखादा आत ढकलून चौकोन अंतर्वक्र करा, तरी तो टिकतो. "असं का?" हा प्रश्न वर्गातूनच येऊ द्या, आणि आला की बाहेरच्या चौकोनाचा फक्त एक कर्ण काढून द्या. त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंचं प्रमेय शिकवून झालं असेल, तर उरलेली सिद्धता मुलं स्वतः शोधतात.