जंगलात काम करायला येणाऱ्या नवख्या मित्रांना

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग किंवा आंबोलीच्या सदाहरित जंगलात स्वयंसेवक म्हणून येऊ पाहणाऱ्यांनी रोपे लावण्याची घाई करू नये. पहिला पावसाळा वनविभागाच्या परवानगीने नुसता पाहण्यात घालवावा, आणि नोंदी पेन्सिलीने लिहाव्यात, कारण आंबोलीच्या पावसात शाई टिकत नाही. २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाच्या दलदलीत गुडघ्यांसारखी वर आलेली मुळे पाहिली, की ही झाडे कुठेही का लावता येत नाहीत हे उमगते.

रोपवाटिकेत शिकाऊ असताना मी रानजायफळाच्या लाल जायपत्रीतल्या बिया धुऊन चांगल्या खडखडीत वाळवल्या आणि त्यांतली एकही रुजली नाही. ओलावा गेला की हे बी मरते. ते ताजेच पेरावे लागते.

देवराईत शिरण्यापूर्वी मानकऱ्यांना भेटावे, चपला बाहेर काढाव्यात आणि पडलेले लाकूडही उचलू नये. काजू-रबराच्या लागवडीसाठी जंगल तोडणाऱ्याशी वाद घालण्याआधी त्याच्या घरी चहा प्यावा. जळवांसाठी मीठ आणि जाड मोजे पुरतात. केवळ छायाचित्रे काढून देण्यासाठी भरमसाट शुल्क मागणारी शिबिरे मात्र टाळावीत.