मोठ्या पाणलोटाच्या तलावात गाळ कमी कसा?

आपला प्रश्न असा आहे: सोलापूरकडच्या आपल्या गावात दोन पाझर तलाव आहेत. लहान पाणलोटाचा (पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रातले पावसाचे पाणी वाहत तलावात येते ते) तलाव गाळाने भरत आला, मोठ्या पाणलोटाचा अजून सुस्थितीत आहे, आणि पाऊस तर दोन्हीकडे सारखाच. हे कसे?

जमिनीची धूप किती होते आणि तलावात गाळ किती येतो, ही मापे वेगळी आहेत. रानातून सुटलेली सगळी माती तलावापर्यंत पोचत नाही. वाटेत उतार मंदावतो, सखल पट्टा लागतो, गवताळ बांध आडवा येतो. तिथे पाणी थबकते आणि माती खाली बसते. पाणलोट मोठा असेल तर अशा जागा जास्त असतात, म्हणून सुटलेल्या मातीपैकी खाली पोचणारा हिस्सा सहसा कमी होत जातो. लहान पाणलोटात टेकडीवरून निघालेली ओघळ बहुधा थेट तलावातच उतरते.

आकारही बघा. पंख्यासारख्या पाणलोटात सगळ्या ओघळींचे पाणी जवळपास एकाच वेळी येऊन मिळते आणि लोंढा जोरात उठतो. लांबट पाणलोटात ते मागेपुढे येते. वेग दुप्पट झाला की वाहत्या पाण्याची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे एरवी जागेवर राहिला असता तो मुरूमही वाहून येतो.

पण आपल्या भागात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती रब्बी ज्वारीसाठी राखलेली काळी रानं. ऐन पावसाळ्यात ती उघडी असतात, वर कुळवलेली. पहिल्या पावसाचे पाणी भेगांत जिरते. पण माती फुगून भेगा मिटल्या की जिरणे फार मंदावते आणि पुढचा पाऊस वाहून जातो. सप्टेंबरातली एखादी जोरदार सर अशा रानातून जेवढी माती नेते, तेवढी जूनपासूनच्या भुरभुर पावसाने जात नाही. जमीन चोपण, म्हणजे सोडियमचे प्रमाण जास्त असलेली, असेल तर माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. उताराचा टक्का सगळे विचारतात, त्याची सलग लांबी कुणी विचारत नाही. धूप मोजण्याच्या प्रचलित सूत्रानुसार पाच टक्क्यांहून जास्त उतारावर ही लांबी दुप्पट झाली की दर हेक्टरी धूप सुमारे १.४ पट होते. सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) आणि बांध नेमकी हीच लांबी तोडतात. मात्र हे सूत्र रानाच्या पृष्ठभागावरची धूप आणि बारीक ओघळी एवढेच धरते. घळीचे ढासळणारे तोंड आणि नाल्याचे काठ त्यात येत नाहीत. लहान तलावात तोच गाळ जास्त असू शकतो. म्हणून नुसत्या सूत्रावर आराखडा करू नका.

उन्हाळ्यात तलाव आटला की दोन खड्डे घ्या, एक पाणी येते त्या तोंडाशी आणि एक भिंतीजवळ. तोंडाशी मुरूम आणि वाळूचे जाड थर लागले तर टेकडी, घळी, नाल्याचे काठ यांच्यावर संशय घ्या. भिंतीजवळ काळ्या चिकण मातीचा जाड थर असेल तर रानं बघायला हवीत. शिवाय जोराचा पाऊस सुरू असताना ओघळी जिथे एकत्र येतात तिथे, काठापासून सुरक्षित अंतरावर उभे राहा. कोणत्या फाट्याचे पाणी जास्त गढूळ आहे ते डोळ्यांनी दिसते.

मग काम माथ्यापासून पायथ्याकडे घ्या: वर चर, गवत आणि चराईबंदी, घळींत अनगड (न घडवलेल्या दगडांचे, सुटे रचलेले) दगडी बांध, रानात बांधबंदिस्ती. गाळ काढून शेतात टाकणे चांगलेच आहे, २०१७ पासून सरकारची योजनाही आहे. पण वरचे तसेच सोडले तर तलाव पुन्हा भरेल. तलावाच्या वरच्या नाल्याचे खोलीकरण मात्र मी टाळायला सांगेन. काठ उभे कापले की ते ढासळतात, आणि तळ खाली गेला की घळींची तोंडे वर सरकू लागतात.

खड्ड्यांत काय लागले ते थरांच्या जाडीसकट इथे लिहा, म्हणजे कामाचा क्रम नेमका सांगता येईल.